धोंड्याचे जावई आणि माझा माळी

नांदुऱ्यात मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ फक्त पोरंच खेळतात असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं रविवारी दुपारी आमच्याकडे यावं. आम्ही तिघं पन्नाशीकडे झुकलेले: कापसाचे एक व्यापारी, पूजा सांगणारे गुरुजी आणि मी, शाळेतली क्लार्क. बसतो व्यापाऱ्यांच्या ऑफिसात, कारण कूलर, इन्व्हर्टर आणि वायफाय तिन्ही त्यांच्याकडेच आहेत. खेळ सोपा. तीस पानं निवडून आपला डेक बांधायचा आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. अधूनमधून कंपनी नवी पानं काढते आणि कालचे जिंकणारे डेक रद्दीत जातात.

यंदा नवी पानं नेमकी अधिक महिन्यात आली. "अधिकात मंगल कार्य वर्ज्य," गुरुजी गंभीर होऊन म्हणाले. मग नव्या पानांची पाकिटं उघडणं हे मंगल कार्य नव्हे, असा निर्णय त्यांनीच दिला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःची उघडली.

आठवडाभरात दोघांचे डेक तयार झाले. एकाच व्हिडिओतून उतरवलेले, पानाला पान सारखे, सगळे लाल ड्रॅगन. एका साली सोयाबीनला भाव मिळाला की दुसऱ्या साली सगळ्या शिवारात सोयाबीन. पत्त्यांतही तीच अक्कल. मी मात्र नव्या पानांची यादी करून एकेक पान तपासलं. त्यात 'माळी' नावाचं एक फिकट पान होतं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आपली छोटी पानं आधी मरू द्यायची. मग माळी टाकला की मेलेली सगळी एकदम उठून उभी राहतात. त्याच्याभोवती मी डेक बांधला आणि दोन्ही ड्रॅगनवाल्यांना लागोपाठ दोन रविवार हरवलं. अकोल्याला तिघातिघांच्या संघांची स्पर्धा होती. तिसरी खुर्ची माझी, हे ठरल्यात जमा होतं. वर्षभर मी त्या खुर्चीसाठीच खेळत होते.

तेवढ्यात व्यापाऱ्यांचे जावई लोणारहून धोंड्याच्या जेवणाला आले. कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळलं. तेही हाच खेळ खेळतात असं निघालं.

"मॅडम, तिसऱ्या जागेवर जावईबापूले घेऊ म्हणतो," व्यापारी म्हणाले. "तुमचा डेक द्या त्याहिले. धोंड्याच्या महिन्यात जावयाले नाही म्हणता येते काय?"

"या महिन्यात जावई म्हणजे विष्णूच," गुरुजींनी आधार पुरवला.

"मंग विष्णूले म्हणा, माह्यासंगं एक डाव खेळून जागा घ्या," मी म्हटलं.

व्यापाऱ्यांनी मला व्हरांड्यात नेलं. "यंदाच्यापुरतं हरून घ्या नं मॅडम. पुढच्या खेपेले तुमचीच जागा."

"तवरोक माहा माळी म्हातारा होईन."

घरी नवऱ्याचंही तेच मत पडलं. "जाऊ दे नं, पत्तेच तं हायेत." हे गृहस्थ क्रिकेटची मॅच हरली की जेवत नाहीत.

मागितला तसा डेकचा कोड मी ग्रुपवर टाकला; तो घातला की कुणालाही तोच डेक मिळतो. रविवारी जावई पाय लांब करून बसले. "काकू, तुमचा डेक मी जरा सुधारला. तीन पानं लईच भिकार दिसत होती, काढून टाकली. त्याच्या जागी सोनेरी ड्रॅगन घातले."

काढलेल्या तिघांत माळी होता का, हे मी विचारलं नाही. सुरुवात झाली आणि तो काढल्याचं कळलंच. मानाच्या माणसाला आपलं एकही पान मेलेलं खपेना. प्रत्येक चिल्लर पानाला ते ढाल देत बसले.

"पाहा, कसे जपून खेळून राह्यले!" सासरे म्हणाले.

माझी पानं मात्र पटापट मरत होती. सासऱ्यांनी याच डावात माझ्याकडून दोनदा मार खाल्ला होता, पण आज त्यांचं लक्ष मोबाइलपेक्षा जावयाच्या चेहऱ्यावर होतं. मी त्यांचं ऐकून मुद्दाम हरतेय असं समजून त्यांनी माझ्याकडे बघत कृतज्ञतेनं मान हलवली आणि आत आवाज दिला, "अनारसे आणा वं!"

मी माळी टाकला. मेलेली सगळी उठली. किल्ला पडला.

"नेट अटकलं बे!" जावई ओरडले. मग आपण सासुरवाडीत आहोत हे आठवून म्हणाले, "म्हणजे, नेट अटकलं."

"हो, हो, नेटच अटकलं," सासरे म्हणाले.

"अधिकात होते असं," गुरुजी म्हणाले.

सासूबाई अनारशांचं ताट घेऊन आल्या. जावयांपुढे ताट ठेवून त्या माझ्याजवळ वाकल्या. "बरं केलं बाई. आल्यापासून कूलरपुढून हालूनच नाही राह्यले."

जावयांचा पहिला अनारसा संपायच्या आत मी ग्रुपवर तीन नावं टाकली, तिसरं माझं. गुरुजींचे हात जोडलेले आले. मग जावयांनी खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे 'कोच'.

मी लगेच अंगठा दाखवला. कोचला खेळाच्या टेबलापाशी खुर्ची नसते, हे मी नियमांत आधीच वाचून ठेवलं होतं.