कापसातली बिडी

डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला आणि मी बिडी सोडली. सोडली म्हणजे, सोडल्याचं गावभर सांगितलं. बायकोनं तर आमच्या कळसाडीच्या टपरीवाल्याला स्वतः जाऊन बजावलं, यांना द्यायची नाही. अकरा दिवस निभावलं. बाराव्या दिवशी शेजारच्या गावातून बंडल आणलं. तेव्हाच घरी सांगितलं असतं तर दोन शिव्यांवर भागलं असतं. पण मला झाकली मूठ प्यारी.

भाव चढेल म्हणून आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. त्या वर्षी पुढच्या खोलीतला ढीग आढ्याला टेकला होता. ओट्यावर बिडी ओढावी तर समोरची काकू बघणार, म्हणून मी दार लावून कापसाशेजारीच ओढायचो. काय शहाणा माणूस! आठवड्यात पाच वेळा. थोटूक चिरडून तिथंच कापसात खुपसायचो. नेम मोडलाच आहे तर आजचा दिवस जाऊ दे, असं दर वेळी म्हणायचो.

पाचव्या वेळी, सकाळी, बायकोची चाहूल लागली आणि पेटती बिडी बोटांतून निसटून कापसात गेली. चाचपलं, सापडली नाही. तेवढ्यात ती दार ढकलून आत आली.

"बिडीना वास कथाईन ई ऱ्हायना?"

"शेजारना व्हई," मी म्हणालो.

कापूस लगेच भडकत नाही. आतल्या आत धुमसतो, कधीकधी दोन-दोन दिवस. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी जेवायला बसलो. विझली असेल, विझली असेल, असं म्हणत दोन भाकरी खाल्ल्या. भीतीपेक्षा लाज मोठी होती, खोटं कशाला बोलू?

दुपारी आई नेहमीसारखी कापसाला पाठ टेकून बसली. थंडीचे दिवस होते. डोळे मिटून समाधानानं म्हणाली, "आज पाठले मस्त ऊब लागी ऱ्हायनी."

मी ताडकन उठलो. तिला ओढून उठवलं आणि बायकोला हाक मारली. "कापूसमा बिडी पडेल शे. मन्ही."

बायकोनं पदर खोचला. दोघांनी मिळून कापूस उपसला. हातभर आत नारळाएवढा काळा गोळा निघाला, फोडला तर मध्ये लाल. तिनं तो घमेल्यात घालून अंगणात नेला, त्यावर बादली ओतली. परत येऊन उरलेल्या ढिगासमोर उभी राहिली.

"आखो कोठे कोठे?"

आणखी कुठे कुठे थोटकं खुपसली होती, ते मी हात करून दाखवू लागलो. तीन जागा आठवल्या. चौथी आठवेना.