हशासाठी सोडलेली जागा

विनोदी सिनेमा दाखवताना बापटकाकांइतका चिडका माणूस इथे परदेशात, अख्ख्या स्कारबरोत सापडला नसता. बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लावून ते आम्हा शेजाऱ्यांना दाटीवाटीने बसवत. मी एकदा एकट्याने बघायला रीळ मागितलं, तर खेकसले, "काढा आहे का तो, नाक दाबून एकट्याने प्यायला?"

सिनेमा नुकता बोलायला लागला तेव्हाचे ते छोटे, धडपडीचे विनोदी बोलपट. नटांची नावंसुद्धा आज कुणाला ठाऊक नाहीत. काकांचा लाडका बोलपट म्हणजे दोन रंगारी, एक शिडी आणि घरमालकाची सासू. आवाजात खरखर, आणि कुणी आपटलं की पुढे सगळे नुसते उभे. मी जांभई दिली.

"गाढवा, नाटकातली माणसं ती," काका भडकले. "लोकांचं हसून होईपर्यंत थांबतात. ती जागा तुझी आहे, भर ती!"

२०१६च्या गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाने त्यांना वीस मिनिटं दिली. काकांनी हौसेने त्या बोलपटाची कॉपी करून दिली, इस्त्रीचा झब्बा घालून आले. पडद्यावर शिडी कोसळली, आणि हशा फुटायच्या आत सासू बोलायला लागली. सगळ्या थांबायच्या जागा गायब!

"थोडं टाइट केलंय, काका," अध्यक्ष साने कौतुकाने म्हणाले. "गॅप्स फार होते. पब्लिक बोअर होतं, आणि डिनर लेट होतो."

"साने, जेवायला बसवून लोकांची पानं उचललीत तुम्ही!" काका तरातरा बाहेर पडले. पुन्हा मंडळाची पायरी चढले नाहीत, आणि मंडळानेही कधी विचारलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्याच हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत हेच साने म्हणाले, "काका म्हणजे सदा हसतमुख!" माझं डोकंच फिरलं. काकूंच्या हट्टामुळे मी मूळ रीळ लावलं. रंगारी आपटला, उठला, थांबला. लोक माना खाली घालून गप्प. शोकसभेत हसायचं कसं? नुसती खरखर ऐकू येत होती. मी दातओठ खात प्रोजेक्टरपाशी उभा होतो.

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. "हसा की, मेल्यांनो! थांबलाय ना तो तुमच्यासाठी!"

सगळ्यांत आधी साने हसले, अगदी पोट धरून. मला त्याचाही राग आला.