घरमालकांची प्रेमकथा

मोजपट्टी लावून प्रेमकथा लिहिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा घरमालक निघावा हे माझं नशीब. छावणीतल्या त्यांच्या घरात वर ते राहतात, खाली माझं बिऱ्हाड. पुढच्या खोलीत माझा संगणक आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका टाइप करणं हा माझा धंदा. काकांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं सुट्या भागांची तपासणी केली. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. हातगाडीवरचा दोडकासुद्धा ते एक डोळा मिटून सरळ आहे का ते बघतात. खिशात दोन पेनं असतात, एक हिरवं, एक लाल. पसंतीला हिरवी टिक, नापसंतीला लाल फुली. एकदा मी वर पुरणपोळ्या पाठवल्या, तर झाकणावर हिरवी टिक घेऊन डबा परत आला. ती टिक अजून घासून निघालेली नाही.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका खाईनात, झोपेनात, तेव्हा डॉक्टरांनी मनातलं लिहून काढायला सांगितलं. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की थेट कादंबरीच लिहायला बसले. तीही प्रेमाची. का, तर म्हणाले, "नुसतं दुःख कोण वाचायलंय, ताई?" नायक विधुर, नायिका विधवा, दोघांची गाठ सिल्लोडच्या बसस्टँडवर पडते आणि पुढची आठ प्रकरणं दोघं तिथेच बसून असतात. नायिका चहात साखरेऐवजी गूळ घालते आणि रागावली की पदर दुसऱ्या खांद्यावर घेते. काकूही तसंच करायच्या. नवव्या प्रकरणात एकदाचा नायकाने तिचा हात 'अंदाजे चार सेकंद' धरला. 'अंदाजे' तेवढं काढूया, असं मी सुचवलं. काकांना ते लगेच पटलं, कारण अंदाजावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी 'तीन ते पाच सेकंद' असं करून घेतलं.

खरा घोळ सतराव्या प्रकरणात होता. नायिका लग्नाला तयार आहे, पण तिची एक अट आहे. नायकाची पहिली बायको गेली ती धाकट्या भावाच्या घरच्या लग्नात. तिच्या छातीत दुखत होतं, आणि भावाने तिला सोडा पाजून जेवायला थांबवलं. तेव्हापासून नायक भावाशी बोलत नाही. आधी त्याला माफ करून ये, मग माझ्याशी बोल, असं नायिका म्हणते. नायक भावाच्या दारापर्यंत जातो. पुढे काही केल्या जमत नाही. एकदा भाऊ फारच रडला, एकदा पुरेसा रडला नाही, एकदा नायकाने चप्पल काढायच्या आधीच माफ केलं म्हणून लाल फुली. तेच प्रकरण मी चौदा वेळा टाइप केलं. परीक्षांचे दिवस, प्रश्नपत्रिकांचा ढीग, पाठीचा मणका बोंबलतोय, आणि जिन्यावर काकांच्या चपला वाजल्या की मी उगाच कामात बुडाल्याचं दाखवायचे. घरमालकाला नाही म्हणायची सोय नसते.

काकांचा खरा भाऊ सिल्लोडला असतो, मक्याचा व्यापार करतो. दर भादव्यात त्याच्याकडून जीपमधून कणसांचं पोतं यायचं. काका पोत्याला हात लावत नसत. ते तसंच माझ्या दारात यायचं. सहा वर्षं आम्ही भाजून, उकडून, किसून त्यांच्या वाट्याची कणसं खाल्ली.

पंधराव्यांदा काका कागद घेऊन आले तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, "काका, माफ करून टाका हो त्याला, आणि मलाही सोडवा." ते कागद घेऊन वर गेले. आठ दिवस जिना वाजला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आठ दिवस पाठीलाही बरं वाटलं.

नवव्या दिवशी ते आले, हातात कागद नव्हता. स्टुलावर बसले आणि दुसरं प्रकरण उघडायला सांगितलं, नायक बसस्टँडवर नायिकेला भावाकडच्या लग्नाची हकीगत सांगतो ते. 'पंगत बसलीय, जेवून निघा' हे भावाचं वाक्य पडद्यावर आल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे त्याच्या तोंडातून काढा, ताई. तो गाडी काढायला निघाला होता. मीच म्हणालो, जेवून निघू. त्याच्या पोरीचं लग्न, थोरला भाऊ पंगतीतून उपाशी उठला तर लोक काय म्हणतील. तुमची काकू बी म्हणली, होईल बरं. मला लई भूक लागली होती."

मी वाक्य बदललं. तीन वेळा चुकलं. नेहमीच्या सवयीने छापील पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन्ही पेनं काढली, बराच वेळ पानाकडे बघत राहिले आणि दोन्ही परत खिशात ठेवली.

यंदा पोतं आलं ते माझ्या दारावरून सरळ वर गेलं. पायरीगणिक थांबत काकांनी ते स्वतः ओढत नेलं. थोड्या वेळाने वरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, कारखान्यातला, ठणठणीत. "हां, पोचलं. दाणा भरलाय. एकच किडकं निघालं." मग एकदम खालच्या आवाजात, "तू कसा हायेस?"

संध्याकाळी ते एक भाजलेलं कणीस, लिंबू लावून, ताटलीत घेऊन आले. पोत्यातलं एवढंच आमच्या वाट्याला आलं. मी विचारलं, आता सतरावं प्रकरण घ्यायचं का? आणि नवल म्हणजे, त्यांनी हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.

"राहू द्या आता," काका म्हणाले. "नायकाचं दुसरं लग्न तुमच्या काकूला आवडलं नसतं."

कणीस एका बाजूने चांगलंच करपलं होतं. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नसणार, पण लाल पेन खिशातून निघालं नाही, आणि मीही ते सगळं खाल्लं.