न भिजवलेली दोरी

२०२३ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा तिसरीत सुटली आणि मी मेंढरांमागं गेलो. तरी वडूजच्या अलीकडं आमच्या वस्तीवर विहिरीत पाणी किती हे मला विचारल्याशिवाय आजही कोण उन्हाळी पीक धरत नाही. फुशारकी म्हणा हवं तर. खरं आहे म्हणून सांगतो.

त्या साली सांगलीच्या एका कॉलेजातली पोरंपोरी दर शनिवारी विहिरीवर यायला लागली. पर्यावरण शास्त्राच्या वरच्या वर्गातली. खालच्या वर्गांचं प्रॅक्टिकल पुढं त्यांनीच घ्यायचं होतं, म्हणून आधी त्यांनाच शिकवायला शिकायचं होतं. आमच्या विहिरीवर मापं घ्यायची, मग कॉलेजात एकेकानं धडा घेऊन दाखवायचा, मागं मॅडम बसून बघणार.

त्यांच्याजवळ पाण्याला टेकली की पीं करून वाजणारी टेप होती.

"तळाला गाळ किती हाय, ते वाजतंय का तुमचं?" मी विचारलं.

मग मी माझी घायपाताची दोरी काढली. हातहातभर अंतरावर गाठी, टोकाला दगड. दगड गाळात रुतला की हाताला कळतं, आणि दोरी वर ओढली की भिजलेल्या गाठी मोजायच्या.

त्यांच्यात रहिमतपूरची एक पोरगी होती. मला आबा म्हणायची. दोरी वळण्यापासून सगळं ती माझ्याकडं शिकली. नवी दोरी आठ दिवस भिजवायची, वाळवायची, दगड बांधून लिंबाला टांगायची, मगच गाठी मारायच्या. एकदा दोरी टांगताना ती म्हणाली, "आबा, मला लय भ्या वाटतंय. वर्गात चुकले तर पोरं हसतील."

तिला धीर यावा म्हणून मी तिला एक गोष्ट सांगितली. तोवर घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. तीस वर्षांपूर्वी घाईत मी नव्या दोरीला न भिजवताच गाठी मारल्या. पाण्यात दोरी आखडली, गाठी जवळ आल्या, आणि दहा हात पाणी मला अकरा हात दिसलं. माझ्या शब्दावर धाकट्या भावानं कांदा लावला. शेवटची दोन पाणी कमी पडली, सगळा कांदा शेतातच वाळला. भावानं मेंढरं विकली आणि कुपवाडच्या कारखान्यात कामाला गेला, तो परत आलाच नाही. आजही म्हणतो, विहिरीनं दगा दिला. मी कधी त्याचं बोलणं खोडलं नाही.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा, हे माझ्यापाशीच राहील," ती म्हणाली.

धड्याच्या दिवशी तिनं मला सांगलीला बोलावलं. माझी दोरी ती आदल्या शनिवारीच घेऊन गेली होती. मी नवा पटका बांधून गेलो. पुढं बोलावून दोरी दाखवायला सांगेल असं वाटलं होतं, पण मला मागच्या बाकावर बसवलं. तिनं दोरी टेबलावर ठेवली आणि सुरुवात केली, "एका शेतकऱ्यानं एकदा पाणी मोजलं."

मग सगळं सांगितलं. घाई, गाठी, अकरा हात, कांदा, कुपवाड. धाकटा भाऊसुद्धा वगळला नाही. एक पोरगं म्हणालं, "म्हणजे दोरीनंच शेतकऱ्याला बांधलं की!" सगळा वर्ग हसला. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, त्याही हसल्या.

एकच मुलगी हसली नाही. ती माझ्या भावाची नात. ती त्याच कॉलेजात आहे हे मला ठाऊक होतं, पण धडा तिच्या वर्गावर आहे हे कुणाला ठाऊक? ती दोरीकडं बघायची आणि वळून माझ्याकडं बघायची.

धडा संपल्यावर रहिमतपूरची पोरगी पळत आली. "आबा, बरा झाला का? तुमचं नाव कुठं घेतलंच नाही मी. मॅडम म्हणाल्या होत्या, चुकीपासून सुरुवात करा, पोरं विसरत नाहीत."

"पोरं न्हाई इसरायची," मी म्हटलं. "मी तरी कुठं इसरलो हुतो? म्हणून तुला सांगितलं."

ती म्हणाली दोरी प्रदर्शनात ठेवायची आहे. मी टेबलावरची दोरी उचलली, पिशवीत कोंबली आणि निघालो. तिनं दोनदा हाक मारली. मी मागं वळून पाहिलं नाही. त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. बोलणारही नाही.

त्या रात्रीचा मुक्काम कुपवाडला भावाकडंच ठरला होता. कॉलेजच्या गेटापाशी त्याची नात उभी होती.

"तो शेतकरी तुमीच ना?"

"व्हय."

"आजोबांना ठावं हाय?"

"न्हाई."

ती म्हणाली, "मी काय सांगणार न्हाई." रहिमतपूरची पोरगीही असंच म्हणाली होती, आणि असल्या शब्दांवरचा माझा विश्वासच उडाला होता. त्या पोरीचा राग होताच. पण तीस वर्षं मी भावाला विहिरीच्या नावानं बोलू दिलं, त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता. मी पिशवीतली दोरी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं, "विहिरीनं दगा दिला न्हवता रं. त्या साली नवी दोरी मी भिजवलीच न्हवती."