कानडी अक्षरांतली मराठी बातमी

तुमची मातृभाषा तुम्हाला लिहिता येते का? हसू नका. बंगळुरातल्या बसवनगुडीच्या कावेरीलाही सतरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तेव्हा उशीर झाला होता.

घर मराठी, पण कैक पिढ्या म्हैसूर मुलखात मुरलेलं. बोलायचं मराठी, लिहायची वेळ आली, मग लोणच्याचं प्रमाण असो की मावशीला पत्र, तर कानडी अक्षरांत. आई तसंच लिहायची, आजीही. त्यात वावगं असं कुणाला काही वाटत नव्हतं.

अज्जांची, म्हणजे आजोबा भीमाचार्यांची, दृष्टी गेलेली. रोज सकाळी ते ओसरीवर बसत आणि कावेरी कानडी पेपर बघत बघत त्यांना मराठीत बातम्या सांगे. पाल्हाळ लावला की काठी आपटत. "बाळ, आधी काय झालं ते सांग. मंत्री काय बोलला ते मागनं!" सहा वर्षं ही शाळा चालली.

बासष्ट साली शहरातल्या एका कॉलेजानं पत्रकारितेची पदवी काढली. रेडिओच्या बातम्या लिहिणं, वाचणं हा त्यातला मोठा भाग. कावेरीनं फॉर्म आणला. तिच्या वडिलांनी, प्राणेशरावांनी, होम सायन्सचा आणला.

"आकाशवाणीवर बायका बातम्या वाचतात, अण्णा."

"वाचतात. त्यांना सोयरिकी कोण आणतो?"

आठ दिवस घरात भांडी आदळली. शेवटी अण्णा थकले. "सरी, बरं. जागा मिळाली तर जा. नाही मिळाली तर होम सायन्स, आणि परत तोंड उघडायचं नाही."

फॉर्मवर रकाना होता, मातृभाषा. कानडी लिहिलं असतं तर झोपेतही पास झाली असती. पण अज्जांनी विचारलं, "काय लिहितेस?" आणि तिनं मान ताठ करून लिहिलं, मराठी.

परीक्षा एवढीच होती: मातृभाषेत रेडिओसाठी एक बातमी लिहा. कावेरीनं सगळ्यांच्या आधी कागद दिला. दुपारी आत बोलावणं आलं. मराठीचे परीक्षक चंद्रकांत सर पुण्याचे. त्यांनी कागद उलटासुलटा केला.

"मुली, हे कानडी आहे."

त्यांनी तो शेजारी बसलेल्या, कानडीच्या कृष्णमूर्ती सरांकडे सरकवला. कृष्णमूर्तींनी दोन ओळी पुटपुटल्या आणि डोकं हलवत कानडीत म्हणाले, "अक्षरं आमची. अर्थ मात्र स्वल्पही लागत नाही."

कावेरीचं डोकं फिरलं. ती कृष्णमूर्तींकडे वळून कानडीत म्हणाली, "सर, रेडिओवर अक्षरं कोण बघतो? तुम्ही मोठ्यानं वाचा. ते ऐकतील."

कृष्णमूर्ती हसले, पण वाचायला लागले. तळ्याचा बांध फुटल्याची बातमी होती. न कळणारे शब्द ते संथपणे, नीट उच्चारत गेले. चंद्रकांत सरांचं पेन थांबलं. वाचन संपलं तसं ते पटकन म्हणाले, "मग त्या छपरावरच्या म्हातारीचं काय झालं?"

"वाचली, सर. पुढच्या ओळीत लिहिणार होते, जागा संपली."

क्षणभर कावेरीला वाटलं, जमलं.

मग त्यांनी कागदाकडे बघितलं. "बातमी चांगली आहे गं. पण गुण कशाला देऊ? मराठीचा पेपर बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीतच हवा, असा नियम आहे."

"कुणी केला नियम?"

चंद्रकांत सरांनी कृष्णमूर्तींकडे बघितलं. कृष्णमूर्तींनी खिडकीकडे.

"पुढच्या वर्षी कानडीतून बस," चंद्रकांत सर म्हणाले. पुढचं वर्ष त्यांच्याकडे होतं. कावेरीकडे कुठलं?

ती पायीच घरी आली. चपलेचा अंगठा तुटला होता, तो दुरुस्त करायचंही त्राण नव्हतं. अण्णांनी होम सायन्सचा फॉर्म पुढं ठेवला, पेनचं टोपण काढून दिलं. तिनं सही केली. कानडी अक्षरांत. तिथं चालली.

सकाळी अज्जा ओसरीवर तयार. "आज काय बातमी?"

"काही नाही, अज्जा," ती म्हणाली आणि पेपर उघडला.

तुम्ही परीक्षक असाल, कारकून असाल, नुसते बाप असाल. असा एखादा कागद तुमच्यापुढं आला तर शिक्का उचलण्याआधी तो कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आणि ऐका.