पत्र्यावरचं टिशूचं पाकीट

दृष्ट, शकुन, अंगात येणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आलो. पेशाने ऑडिटर, ऑफिस सिंगापूरच्या तांजोंग पगारला. आधी पुरावा दाखवा, मग बोलू, असा आपला खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण या वेळी पुरावा माझ्याच घरात आहे.

२००६ चा जून. लेकीला सुट्टी होती म्हणून मी, बायको मेधा आणि सहा वर्षांची ईरा, असे तिघे ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून भाड्याच्या गाडीने ॲलिस स्प्रिंग्जला निघालो होतो. वाटेत ओपलच्या खाणींचं एक छोटं गाव लागलं. पेट्रोल भरलं आणि जरा पाय मोकळे करायला गावाबाहेर उतरलो. जिकडेतिकडे पांढऱ्या मातीचे ढीग, आणि ढिगांशेजारी सोडून दिलेले खोल खड्डे. 'उलटं चालू नका' अशी पाटीच होती, वर खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र. आम्हाला त्या पाटीची इतकी गंमत वाटली की ईराला तिच्याशेजारी उभं करून फोटो काढायचं ठरलं.

आता फोटो काढताना आपण काय करतो? डोळा कॅमेऱ्याला, आणि तोंडाने चालू - मागे सरक, अजून थोडी मागे. त्या पाटीसमोर मी नेमकं हेच करत होतो!

ईराने वळून पाहिलं आणि थांबली.

"कॅनॉट लाह, डॅडी. समबडी चोप ऑलरेडी."

सिंगापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवण आणायला उठताना टेबलावर टिशूचं पाकीट ठेवतात. ठेवलं की जागा धरली, याला म्हणायचं 'चोप' करणं. तिथे मग कोणी बसत नाही. ईराला हे चालायला लागल्यापासून माहीत.

मी वैतागून पुढे गेलो. तिच्या टाचेमागे धुळीने भरलेला जुना पत्रा होता. त्यावर मधोमध टिशूचं पाकीट... पाकिटावर धुळीचा कणही नाही. ते उचलताना दुसरा हात पत्र्यावर टेकला, तर पत्रा वाकला आणि आत गेला; पाकीट तेवढं माझ्या हातात राहिलं. खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. ईराला उचलून मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही.

मेधा पाकिटाकडे बघत होती. त्याला लाल प्लास्टिकच्या दोरीची गाठ होती. क्लेमेंटीच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये व्हीलचेअरवर बसून टिशू विकणारी आंटी प्रत्येक पाकिटाला अशी गाठ मारते. मेधा दर शनिवारी तिच्याकडूनच घेते, शेजारी बसून गप्पाही मारते. पण आमच्या सगळ्या बॅगा तर गाडीत होत्या. ती जागाही आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी आंटीला पाकीट दाखवलं, सगळं सांगितलं. तिने गाठीवरून बोट फिरवलं. गाठ आपलीच, म्हणाली, पण आपण क्लेमेंटीच्या पलीकडे कधी जात नाही. मग पाकीट ईराच्या हातात ठेवलं.

"यू कीप. गर्ल, यू ईट ऑलरेडी?"

पाकीट आमच्या देव्हाऱ्यात आहे. मेधा त्याला रोज कुंकू लावते आणि मी, हसणारा माणूस, मुकाट्याने हात जोडतो. ते तिथे कसं पोचलं हे मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता विचारावंसंही वाटत नाही. आंटीचे उपकार मात्र फिटायचे नाहीत. शनिवारी आम्ही टेबल धरतो, तेव्हा ईरा एक खुर्ची बाजूला ओढते, आंटीची व्हीलचेअर आत यावी म्हणून.