नलूची दुपटी आणि टीनाचा केक

हुडको कॉलनीतल्या आमच्या लाइनीत मूल जन्मलं की पहिलं दुपटं नलूच्या घरून जायचं. नलू म्हणजे प्लांटमधून रिटायर झालेल्या केवलरामची बायको. नव्या कापडाला ती हात लावायची नाही. घरोघरच्या म्हाताऱ्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी मागून आणायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि दुहेरी करून काठाला बारीक टाके घालायची. बाळाच्या अंगाला आधी जुनेर लागावं, नवं नंतर, अशी आमच्याकडची रीत. ती आपल्यामुळेच टिकली आहे असं नलूला वाटे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

मग समोरच्या घरातल्या प्रवीणची बायको होऊन, हिंदी मिसळून मराठी बोलणारी टीना आली. ती डायपरचे केक बनवायची. एकेक डायपर सुरळीसारखा वळायचा, त्याला रबर लावायचा, सुरळ्या गोलात उभ्या करून मजल्यावर मजला रचायचा. मधोमध दुधाची बाटली, बाहेरून रिबन, वर पायमोज्यांची गुलाबाची फुलं. हळूहळू बारशाची भेट म्हणजे टीनाचा केक असंच झालं. नलूचं दुपटं लोक घ्यायचे, कपाळाला लावायचे, आणि फोटो केकशेजारी उभं राहून काढायचे.

"खाता येत नाई, कापता येत नाई, आन् म्हने केक," नलू मला म्हणायची. "बाई, तुमी एवढे पोरं शिकवले, सांगा, हे काय हाय?"

"अगं, आतले डायपर वापरायचेच असतात."

"आत असन. वरून तं लग्नाचा मांडव दिसते."

टीनाच्या खिडकीकडे पाठ करून ती शिवायला बसायची. पण तिथं कोणी गिऱ्हाईक आलं की हिची सुई थांबायची.

अशात नलूची मुलगी रीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवण ठरलं. टीना येऊन म्हणाली, "रीनादी, केक मेरी तरफ से."

"नाई," नलू ताडकन म्हणाली. "जन्माच्या आधी लेकराचं नवं सामान घरात आनत नाई आमी."

रीत खरी होती. पण नलूच्या आवाजातली घाई रीतीची नव्हती.

"मग तू शिवून राहिली ते?" रीनानं विचारलं.

"ते जुनेर हाय. त्याले चालते."

टीनाचे डोळे चमकले. "तो काकू, दुपटीच द्या ना! मी त्याचाच केक बनवतो."

"हो आई, दे ना! किती मस्त दिसन!"

पोटुशी लेक मागत होती. नलूनं नातवंडासाठी शिवलेली सगळी दुपटी काढून दिली.

केक देखणा झाला, हे मला सांगितलंच पाहिजे. लुगड्यांचे हिरवे, जांभळे काठ टीनानं असे बाहेर काढले होते की जणू ते त्यासाठीच विणले असावेत. डोहाळजेवणाला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "टीना, काय बनवलं वं!" टाके कुणाचे, हे कुणी विचारलं नाही. नलू कढी वाढत होती. माझ्या पानाशी येऊन हळूच म्हणाली, "कापड माहं, हात माहा, आन् नाव पाहा कोनाचं."

त्यानंतर केक प्लास्टिकमध्ये गुंडाळून शोकेसवर बसला. रीना त्याला हात लावू देईना. बारशाला सासरचे येतील, त्यांना दाखवायचा होता.

मुलगी झाली. दवाखान्यात नर्सनं बाळासाठी कापड मागितलं. नलूनं पिशवी उघडली. रीनानंच भरलेल्या त्या पिशवीत एकही दुपटं नव्हतं. शेवटी जावयानं बाहेरच्या दुकानातून नवा गुलाबी टॉवेल आणला आणि त्यातच बाळ गुंडाळलं. लाइनीतल्या इतक्या लेकरांना नलूनं जुनेर पांघरलं, आणि तिच्या स्वतःच्या नातीच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते दुकानातलं.

मायलेकी घरी आल्या त्या दिवशी मी तिथंच होते. टीनाही आली होती. शोकेसवरचा केक उतरवून नलूनं प्लास्टिक फाडलं.

"आई, बारशापर्यंत राहू दे ना!" रीना ओरडली.

"बारशालोक पोरगी टावेलात राहीन काय?"

रिबन निघाली, पण आतली दोरी सुटेना. नलूनं ती नखानं ओढली, दातात धरली. कात्री लावावी तर कापड कापलं जायचं. शेवटी टीनाकडे न बघता म्हणाली, "इतकं घट्ट कावून बांधतं वं? सोड आता."

टीनानं बोट आत घालून गाठ सोडली. दुपटी खाटेवर पसरली. नलूनं त्यातलं सगळ्यात मऊ निवडलं, गुलाबी टॉवेल बाजूला भिरकावला आणि नातीला पायापासून मानेपर्यंत गुंडाळलं. पोर लगेच शांत झाली.

"काकू, मले घेऊ द्या ना पोरगी," टीनानं हात पुढे केले.

नलूनं बाळ छातीशी आणखी घट्ट धरलं.

"आज नाई," ती म्हणाली. "उद्या ये."